इंग्रजीतली गतिवाचक क्रियापदं कशी लावायची

वॉक, स्ट्रोल, ट्रज, लिंप, स्टॅगर या सगळ्यांपुढे 'चालणे' लिहून यादी पाठ करा, असा सल्ला अजूनही दिला जातो. त्यातून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा वहीत तीन रकाने आखा: दिशा, रीत आणि बोलणाऱ्याची जागा.

दिशेचा रकाना पटकन भरतो. एंटर, एक्झिट, असेंड, डिसेंड. ही लॅटिन-फ्रेंच वळणाची, म्हणून जरा भारदस्त. 'कम' आणि 'गो' तिसऱ्या रकान्यात. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो, तिथे 'कम' वापरू नका, एवढं सांभाळा.

खरी मेख रीतीच्या रकान्यात आहे. मी स्वतः इथे कितीतरी वर्षं अडकलो होतो. 'तो लंगडत खोलीत शिरला' याचं मी 'ही एंटर्ड द रूम लिंपिंग' करायचो. व्याकरण बरोबर, पण वाक्य जड. रोजच्या इंग्रजीत 'ही लिंप्ड इंटू द रूम' असं येतं. नीट बघा: आपलं 'शिरला' त्यांच्या 'इंटू'मध्ये गेलं आणि आपलं 'लंगडत' त्यांचं मुख्य क्रियापद झालं. वाट, म्हणजे हालचालीची दिशा, क्रियापदात बसते की त्याच्या जोडीच्या शब्दात, यावरून भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ साली भाषांची जी विभागणी मांडली, तिचं मर्म हेच. म्हणून रीतीचं क्रियापद कधीही एकटं लिहू नका. शेजारी इंटू, आउट ऑफ, अप, अक्रॉस जोडूनच लिहा.

आणि 'इन'पासून सावध राहा. आपला 'त' प्रत्यय दोन्ही कामं करतो: 'खोलीत धावत होता' आणि 'धावत खोलीत आला'. त्या सवयीनं 'ही रॅन इन द रूम' लिहिलंत, तर तो खोलीतल्या खोलीत धावतोय असं वाटेल. आत आला असेल तर 'इंटू'च हवं. या बाबतीत मी विद्यार्थ्यांना सूट देत नाही.

पुढे एकाच 'रॅन'ला तीन वाटा जोडून बघा: आउट ऑफ द हाउस, डाउन द स्लोप, अक्रॉस द रोड. मराठीत आपण धावत घराबाहेर पडतो, उतार उतरतो, रस्ता ओलांडतो. तीन क्रियापदं लागतात.

हे जमलं की आवाजाची क्रियापदंही याच रकान्यात घाला. ट्रक धडधडत शेजारून गेला: 'द ट्रक रंबल्ड पास्ट'. इथे 'गेला'साठी वेगळं क्रियापद शोधू नका, ते 'पास्ट'मध्ये आलंय.