मोबाईलचा दसरा कसा काढावा

आमच्या लातूरकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात, म्हणजे वाकळा-गोधड्या धुवायच्या, माळ्यावरची भांडी खाली काढून घासायची, सगळं घर उपसायचं. फोनचा दसरा मात्र कुणीच काढत नाही. परवा पीकविमा भरायला गेलो, पासबुकाचा फोटो मागितला तर नऊ हजार फोटोत तो काय सापडंना, नवा काढावा तर 'स्टोरेज फुल', आन् मागं ही लाईन, मी आपला गुड मॉर्निंगचे गुलाब सरकवत बसलोय.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपपासून करा, लई जागा तिथंच अडकलेली असते. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. तिथं दोन ढिगारे दिसतील. 'बरेच वेळा फॉरवर्ड झालेले' बिनधास्त उडवा, पण ५ एमबीपेक्षा मोठे जरा बघून, त्यात घरचे व्हिडिओ असतात. आजीचा 'ज्वारी दळून आणली का रे' एवढाच व्हॉइस मेसेज मी ठेवलाय, असलं काही पुसू नका.

मग नळ बंद करा. तिथंच ऑटो डाउनलोडच्या टिका काढा आन् चॅट्समधली मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, म्हणजे नवे फोटो गॅलरीत येत नाहीत. जुने तसेच राहतात, ते हातानंच काढावे लागतात.

स्क्रीनशॉट तर विचारूच नका. मी मागच्या दिवाळीतले सोयाबीनचे भाव जपून ठेवलते, त्या भावात आता कुणी घेणारे का?

कामाच्या कागदांचा 'कागद' नावाचा वेगळा अल्बम करा, आधार डिजीलॉकरमधे ठेवा. जुने सातबारे साठवू नका, महाभूमी या सरकारी साईटवर डिजिटल सहीचा ताजा १५ रुपयांत निघतो.

एक सांभाळा: गूगल फोटोजमधून बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो वरूनपण, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन साठ्यातूनपण जातो, फक्त फोन मोकळा करायचा असंल तर 'फ्री अप स्पेस' दाबा. वरची फुकट जागाबी १५ जीबीच, त्यातच जीमेल आन् ड्राइव्ह, २०२१ च्या जूनपासून नवे फोटोपण त्यातच मोजतात.

सगळं एका दिवसात होत नाही, एसटीची वाट बघताना दहा-दहा मिनिटं करा. आन् शेवटी गूगल फोटोजचा ट्रॅश, म्हणजे कचरापेटी, तिथं बॅकअपचे फोटो ६० दिवस पडून असतात, तवर जागा काही मोकळी होत नाही. मी आठ दिवस थांबतो, घरात कुणी 'तो फोटो कुठाय' म्हणून ओरडलं नाही की मग रिकामा करतो.