‘टेल’ हे क्रियापद कोणत्या शब्दांसोबत वापरावे

मराठीत आपण गाणे म्हणतो, गोष्ट सांगतो आणि खोटे बोलतो. या जोड्या कोणी शिकवाव्या लागत नाहीत. इंग्रजीतही अशाच जोड्या ठरलेल्या आहेत, परंतु त्या आपल्या जोड्यांशी जुळतीलच असे नाही, आणि लातूर-नांदेडच्या शिकवण्यांमध्ये वर्षभर व्याकरण घोकलेले विद्यार्थीही बोलताना नेमके येथेच अडतात. म्हणून ‘टेल’ म्हणजे सांगणे एवढेच पाठ न करता, हे क्रियापद त्याच्या सोबतच्या शब्दासह आणि शक्यतो पूर्ण वाक्यात पाठ करावे, असा माझा आग्रह आहे.

आधी ऐकणाऱ्याची जागा पक्की करावी. ज्याला सांगायचे ती व्यक्ती ‘टेल’नंतर लगेच येते. ‘मला’ या शब्दातील प्रत्ययामुळे आपल्या तोंडी ‘टेल टू मी’ येते. ते टाळून ‘टेल मी’ म्हणावे. ‘से’चा नियम याच्या उलट आहे, त्यामुळे ‘ही सेड मी’ चुकीचे, तर ‘ही टोल्ड मी’ किंवा ‘ही सेड टू मी’ बरोबर ठरते. एखादे काम सांगितले असेल, तर व्यक्तीनंतर ‘टू’ आणि पुढचे क्रियापद घ्यावे. ‘वडिलांनी मला मोंढ्यात जायला सांगितले’ हे ‘माय फादर टोल्ड मी टू गो टू द मार्केट यार्ड’ असे होते. जाऊ नकोस असे सांगितले असल्यास ‘टोल्ड मी नॉट टू गो’.

काही नामांबरोबर मात्र ऐकणारा नसला तरी चालते. गोष्ट सांगणे म्हणजे ‘टेल अ स्टोरी’, विनोद सांगणे म्हणजे ‘टेल अ जोक’, आणि पहाटे दारी येणारा पिंगळा जे भविष्य सांगतो ते ‘टेल फॉर्च्यून्स’. सर्वांत जास्त घोटाळा खोटे बोलण्याचा होतो. मराठीत बोलणे आहे म्हणून ‘स्पीक अ लाय’ म्हटले जाते. योग्य जोडी ‘टेल अ लाय’ अशी आहे. खरे बोलण्यासाठी ‘टेल द ट्रुथ’ आणि ‘स्पीक द ट्रुथ’ दोन्ही चालतात, आणि बहुधा त्यामुळेच ही चूक अधिक बळावते.

‘टेल’चा दुसरा अर्थ ओळखणे किंवा कळणे असा आहे आणि पाठ्यपुस्तकी सरावात त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते, याचे मला वाईट वाटते, कारण रोजच्या इंग्रजीत तो सतत भेटतो. वेरूळला पर्यटकांना लेणी दाखवणाऱ्या तरुणांना तर तो हवाच. तेथे १ ते १२ क्रमांकांची लेणी बौद्ध आणि ३० ते ३४ क्रमांकांची जैन आहेत. ‘ही वेगवेगळी कशी ओळखायची?’ हा पर्यटकाचा प्रश्न ‘हाऊ कॅन यू टेल द बुद्धिस्ट केव्ह्ज फ्रॉम द जैन वन्स?’ असा येतो. येथे सांगण्याचा संबंध नाही, हे लक्षात न आल्यास उत्तर भलतीकडे जाते. फरक ओळखणे म्हणजे ‘टेल द डिफरन्स’, आणि जुळ्या भावांना वेगळे ओळखणे म्हणजे ‘टेल देम अपार्ट’. मुलीला घड्याळ कळते, हे ‘शी कॅन टेल द टाइम’ असे म्हणतात. तुझ्या चेहऱ्यावरून कळते, यासाठी ‘आय कॅन टेल फ्रॉम युवर फेस’ हे वाक्य अगदी स्वाभाविक आहे.

‘टेल ऑफ’ म्हणजे रागावणे. ‘द टीचर टोल्ड हिम ऑफ’ हे बोलण्यात वापरावे, अर्जात नव्हे.

सरावासाठी वहीत एका बाजूला मराठी वाक्य आणि समोर पूर्ण इंग्रजी वाक्य लिहावे, व तेच वाक्य भूतकाळात मोठ्याने म्हणावे, कारण घडलेले सांगताना ‘टोल्ड’ हेच रूप अधिक लागते. त्याच वहीत आणखी एक पान राखून ठेवावे : मराठीत सांगणे असूनही इंग्रजीत ‘टेल’ येत नाही अशा जोड्यांचे. कारण सांगणे हे ‘गिव्ह अ रीझन’, उदाहरण सांगणे हे ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम्पल’. अर्थ समजावून सांगण्यासाठी ‘एक्स्प्लेन’ आहे, आणि त्यापुढे व्यक्ती आल्यास ‘टू’ लागतोच, म्हणजे ‘एक्स्प्लेन इट टू मी’. जमिनीवर हक्क सांगणे म्हणजे ‘क्लेम द लँड’. तेथे ‘टेल’ वापरताच येत नाही.