माळ्यावरचा झेड८०: गोव्यात जुने प्रोसेसर जमवायचे असतील तर

जुने प्रोसेसर जमवायचं डोक्यात आलं की माणूस पहिलं नाव घेतो इंटेल ४००४ चं. १९७१ चा, सोळा पायांचा, पांढऱ्या सिरॅमिकवर सोनेरी टोपी. त्याचा नाद सोडा. तो मुळात कॅल्क्युलेटरसाठी बनलेला, घरगुती संगणकाशी त्याचा संबंध नाही, आणि चांगल्या नगाची किंमत ऐकून घरची माणसं तुमच्याशी बोलायची बंद होतील.

झेड८० ने सुरुवात करा. मी म्हापशाला टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि माझ्या संग्रहातला अर्ध्याहून जास्त माल झेड८० च आहे. झायलॉग कंपनीने तो १९७६ साली काढला. चाळीस पाय, फक्त पाच व्होल्टवर चालतो. जुन्या घरगुती संगणकांपैकी झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये हाच, टीआरएस-८० मध्ये हाच, जपानी एमएसएक्स संगणकांत हाच. आणि खरी गंमत पुढे आहे: तो एकट्या झायलॉगने बनवला नाही. मॉस्टेकने एमके३८८० म्हणून काढला, शार्पने एलएच००८०, एनईसीने डी७८०सी. पूर्व जर्मनीने कोणालाही न विचारता यू८८० बनवला. म्हणजे एकाच चिपचे दहा चेहरे, आणि बहुतेक अजून खिशाला परवडणारे. २०२४ च्या एप्रिलमध्ये झायलॉगने जाहीर केलं की सुट्या झेड८० च्या शेवटच्या ऑर्डरी जूनपर्यंतच घेणार. लगेच विकणाऱ्यांनी ‘दुर्मीळ’ लिहायला सुरुवात केली. घाबरू नका, या चिपा जगभर ढिगाने पडल्या आहेत.

गोव्यात त्या कुठे मिळतात, हे सांगतो. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात नाही. तिथे चांदीचे पैंजण आणि हत्तीची चित्रं मिळतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार चोरिसो सॉसेजसाठी उत्तम, चिपांसाठी नव्हे. आपला माल घरांच्या माळ्यावर आहे. ऐंशीच्या दशकात गोव्यातले कितीतरी लोक कुवेत, बहारीन, दुबईला होते, आणि तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे, तर घराघरात. सुट्टीवर येताना त्यांनी टू-इन-वन आणला, व्हीसीआर आणला, आणि पोरांसाठी कधी कधी कीबोर्डसारखा दिसणारा एक संगणकही आणला. कुवेतच्या अल आलमिया कंपनीचे ‘सखर’ नावाचे एमएसएक्स त्यातलेच, बटणांवर अरबी अक्षरं. घरच्यांना वाटतं तो बिघडलेला टाइपरायटर आहे. भारतात बनलेला स्पेक्ट्रमही शोधा, डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस. तो शाळा आणि क्लासवाल्यांकडे असायचा.

हंगाम दोन. पहिला चवथीच्या आधीचा महिना, हिंदू घरांत भिंतींना रंग देतात आणि माळा रिकामा होतो. दुसरा नाताळच्या आधीचा, ख्रिस्ती घरांत तेच चालतं. या दिवसांत आवाठात, म्हणजे वाड्यात, चार जणांच्या कानावर घालून ठेवा की जुनं इलेक्ट्रॉनिक काही असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला दाखवा. शिवोलीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला सखर दिला तेव्हा मी पैसे काढले, तर म्हणाल्या, “व्हर रे बाबा, म्हाका नाका तें.” मी त्यांचा बंद पडलेला मिक्सर दुरुस्त करून दिला. असा व्यवहार दोघांनाही बरा पडतो. पण वस्तू काय आहे आणि तिला मोल आहे हे आधी सांगायचं, मग घ्यायची. पुढे त्यांच्या मुलाने इंटरनेटवर किंमत बघितली तर आपली मान खाली जाता कामा नये.

भंगारवाल्याकडे जायचंच असेल तर बोर्ड वेगळे काढले जाण्याआधी जा. हिरवे बोर्ड सोन्यासाठी किलोवर जातात, आणि सिरॅमिकच्या सोनेरी टोपीच्या चिपा सगळ्यात आधी. एकदा त्या ॲसिडात गेल्या की संपलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळांबद्दल सगळे विचारतात. खरं आहे, आपल्याकडच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनियरिंग कॉलेजांत इंटेल ८०८५ चे ट्रेनर किट वर्षानुवर्षं होते. कळपाट्यावर सोळा आकडी बटणं, वर लाल आकडे. ८०८५ हा १९७६ चा, घरगुती संगणकांत फारसा नव्हता, पण आपल्याकडची एक अख्खी पिढी मायक्रोप्रोसेसर शिकली ती त्याच्यावर. मी तो संग्रहात धरतो, कोणाला पटो न पटो. फक्त शिपायाला चहा पाजून किट मागू नका. मोठ्या संस्थांनी ई-कचरा नोंदणीकृत लोकांकडेच द्यायचा असा नियम आहे. त्यापेक्षा जुने विद्यार्थी शोधा, कितीतरी जणांनी स्वतःचा किट विकत घेतला होता. तसंच बीबीसी मायक्रो या संगणकाचं: केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात १९८४-८५ ला देशातल्या सुमारे २५० शाळांत ते बसवले गेले. त्यात ६५०२ हा प्रोसेसर असतो. कोणा निवृत्त मास्तरांच्या घरी एखादा निघाला तर नशीब.

आता माझा एकच कडक नियम. चालू यंत्रातून चिप काढायची नाही. चालू नसेल पण दुरुस्त होण्यासारखं असेल, तरीही नाही. कमोडोर ६४ हा घरगुती संगणक बंद पडला की लोक प्रोसेसरवर संशय घेतात, पण त्यात पीएलए नावाची चिप आणि वीजपुरवठ्याचा ठोकळा जास्त मरतात, त्याचा प्रोसेसर ६५१० बिचारा ठणठणीत असतो. यंत्र अख्खं ठेवा, संग्रहात अख्खंच मांडा. तांब्याच्या पट्ट्या सडलेल्या, फुटलेल्या, पाणी शिरलेल्या बोर्डावरच हात चालवा.

चिप हातात आली की आधी वाचा. चार आकड्यांची तारीख शोधा: ८४१२ म्हणजे १९८४ चा बारावा आठवडा. इंटेलच्या चिपेवर सी-च्या गोलासमोर ’७६, ’८० असे आकडे असतात ते कॉपीराइटचं साल, बनवल्याचं नव्हे. विकणारे ‘१९७६ चा ८०८५’ म्हणून हेच पुढे करतात. नावाच्या शेवटच्या अक्षरांतून वेग आणि साचा कळतो: झेड८०ए हा चार मेगाहर्ट्झचा, साधा झेड८० अडीचचा. साचा तीन प्रकारचा. काळं प्लास्टिक, पांढरं सिरॅमिक, आणि करड्या सिरॅमिकच्या दोन फरशा मध्ये काच घालून चिकटवलेला, त्याला सर्डिप म्हणतात. ६५०२ मध्ये १९७५ चा, एमओएस कंपनीचा पांढरा सिरॅमिकवाला मिळाला तर तो न विकता मला फोन करा. त्या पहिल्या चिपांत आरओआर ही आज्ञाच चालत नव्हती, पुढच्या वर्षी ती आली.

सॉकेटमधली चिप काढताना एका टोकाला स्क्रूड्रायव्हर घालून उचलू नका, पाय वाकतात आणि वाकलेला जुना पाय सरळ करताना तुटतो. दोन्ही टोकांना आळीपाळीने केसभर, केसभर. सोल्डर केलेली असेल तर आधी प्रत्येक पायाला फ्लक्स आणि थोडं ताजं सोल्डर द्या. जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही. मग पंपाने ओढा, उरलेलं तांब्याच्या वेणीने टिपा. प्रत्येक पाय भोकात मोकळा हलतो का ते चिमट्याने बघा. एकही पाय अडकला असेल तर ओढायचं नाही. बोर्ड मेलेलाच आहे, पण चिपेचा पाय गेला तर तुमचं कामही गेलं.

किटवर किंवा बोर्डावर निकेल-कॅडमियमची पेशी असेल तर ती बहुधा फुटलेली असते आणि तिचा अल्कलीचा रस पट्ट्या खातो. पांढऱ्या विनेगरने पुसा, मग इन्व्हर्टरच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. माडाचं विनेगर सोरपोतेलासाठी ठेवा.

जिवंत आहे का, हे बघायला संगणक लागत नाही. झेड८० ला शून्य हा आकडा म्हणजे ‘काही करू नकोस’ ही आज्ञा. ब्रेडबोर्डवर चिप लावा. ११ व्या पायाला पाच व्होल्ट, २९ व्याला ग्राउंड. डेटाचे आठ पाय (७, ८, ९, १०, १२, १३, १४, १५) प्रत्येकी एक किलोओहमने ग्राउंडला. १६, १७, २४, २५ हे पाय वर, पाच व्होल्टकडे बांधा. सहाव्या पायाला एक मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, आणि तिथेच ३३० ओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टला, कारण या जुन्या, एनमॉस बनावटीच्या चिपेला घड्याळाचा ठोका पूर्ण उंचीचा लागतो. २६ व्या पायावर रिसेट: पाच व्होल्टकडे दहा किलोओहम, ग्राउंडकडे दहा मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. आता पाच व्होल्टपासून २.२ किलोओहम आणि एलईडी घालून पाचव्या पायाला जोडा, तो ए१५, म्हणजे पत्त्याची सगळ्यात वरची तार.

वीज दिली की प्रोसेसर काही न करता पत्ते मोजत सुटतो आणि एलईडी सेकंदाला साधारण चार वेळा लुकलुकतो. तो पूर्ण विझत नाही, नुसता मंद होतो. ते बरोबर आहे. झेड८० या आज्ञेचा अर्धा वेळ मेमरी ताजी ठेवायचा पत्ता बाहेर टाकतो, तेव्हा ए१५ खाली असतो. पूर्ण प्रकाश, अर्धा प्रकाश असा खेळ दिसला की चिप चांगली. चिप कोमट झाली तर चालेल, बोट टेकवेना इतकी तापली तर लगेच वीज तोडा.

६५०२ ला हीच आज्ञा ईए आहे. म्हणजे डी०, डी२, डी४ खाली आणि बाकीचे वर. ८०८५ ला पुन्हा शून्यच, पण त्याचे खालचे पत्ते आणि डेटा एकाच तारांवर असतात, म्हणून रेझिस्टरशिवाय ग्राउंडला बांधलं तर चिप झगडते. ८०८० च्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. त्याला अधिक पाच, उणे पाच आणि अधिक बारा असे तीन पुरवठे लागतात आणि चुकलं तर तो एका क्षणात जातो.

जमवणं सोपं, आपल्या हवेत टिकवणं कठीण. मृग लागला की गोव्यात कपाटातले बूट हिरवे होतात, तिथे चांदीचा मुलामा असलेले पाय काय टिकणार. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी चिपांचे पाय चांदीचे असतात आणि गंधकाने काळे पडतात. म्हणून रबर बँड लावू नका, त्यात गंधक असतो. खोडरबरानेही घासू नका, त्याच कारणाने, आणि मुलामा निघतो तो वेगळाच. पातळ काळेपणा असू द्या. थर्माकोलमध्ये चिपा टोचून ठेवणारे मला अजून भेटतात. थर्माकोल स्थिर वीज साठवतो आणि एनमॉस चिप त्याने मरू शकते. काळा वाहक फोम वापरा, पण तोही काही वर्षांनी चिकट होऊन पायांना खातो, दर उन्हाळ्यात दाबून बघा. सगळ्यात बरी अँटिस्टॅटिक नळी. नळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. ते वाळवायला स्वयंपाकाची कढई घेऊ नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. जून ते सप्टेंबर डबा शक्यतो उघडूच नये. मित्र दाखवा म्हणाले तर दिवाळीनंतर या म्हणावं.

इंटरनेटवरून घेणार असाल तर एवढंच: वरचा थर घासून, काळा रंग देऊन नवं नाव छापलेल्या चिपा भरपूर फिरतात. कडेच्या कोपऱ्याला ॲसिटोनचा बोळा लावा. काळं निघालं तर बनावट. छापलेल्या अक्षरांवर लावू नका, जुनी खरी शाईही जाते. तसंच चिपेच्या तोंडावर स्टिकर चिकटवायचा नाही.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. नुसतं ‘झेड८०, चालू’ असं लिहिलेल्या चिपेला मी हात लावत नाही. माझ्या वहीतली एक ओळ अशी: शार्प एलएच००८०ए, सखर, मालक कुवेतला ड्रायव्हर, शिवोलीच्या घरचा माळा, बोर्ड पाण्याने सडलेला, ए१५ चालतो. बोर्डाचा फोटो चिप काढण्याआधीच घ्या, जागेवर असताना. दुहेरी माल झाला की अदलाबदल करा, पैशांपेक्षा त्यात जास्त मिळतं. नळीची दोन्ही टोकं बंद करून, कडक खोक्यात, आणि पावसाळ्यात पाठवायची वेळ आलीच तर प्लास्टिकची पिशवी मेणबत्तीवर चिकटवून. समोरच्याला तुमच्या वहीतली ती ओळ कागदावर लिहून आतच घाला.