कनूच्या सफरीत खाणं नासतं ते कशामुळे? या चुका टाळा

जुलै-ऑगस्ट आला की टोरंटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनकडची आपली बरीच मंडळी ऑन्टारियोतल्या अल्गाँक्विनच्या अरण्यात कनू (वल्ह्यांनी चालवायची हलकी, अरुंद होडी) घेऊन जाऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. १८९३ साली राखलेलं हे अरण्य साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि रस्ता सोडून आत वल्हवत गेलं की दुकान नाही, वीज नाही, बर्फ नाही. काळजी वाटते ती खाण्याच्या बांधाबांधीची. घरच्या फ्रिजमधलं सगळं कूलरमध्ये कोंबायचं आणि ते चार दिवस टिकेल असं धरून चालायचं, ही सगळ्यात मोठी चूक. भर उन्हाळ्यात पाठीवरून नेता येईल एवढ्या बर्फावर गारवा मिळतो तो साधारण दीड-दोन दिवस. बेत त्या हिशोबाने आखा आणि तिसऱ्या दिवसापासून सगळं कोरडं ठेवा.

गरम सामान, चुरा बर्फ

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. वितळल्यावर मात्र तेच पाणी शून्यावरून ४ अंशांवर यायला जेमतेम १७ किलोज्यूल पुरतात. म्हणजे शेवटचा खडा विरघळला की गारवा बघता बघता जातो. खोलीच्या तापमानाचं पाच किलो सामान आत ठेवलं तर ते गार करण्यातच जवळपास एक किलो बर्फ संपतो, आणि तेव्हा तुम्ही अजून गाडीतच असता. म्हणून जे जाणार ते आदल्या रात्री फ्रिजमध्ये, आणि पहिल्या रात्रीचा खिमा किंवा रस्सा चपट्या पिशवीत गोठवून दगडासारखा झालेला हवा. रिकामी कूलर बॅगसुद्धा रात्रभर थंड करून ठेवा. गाडीत ती डिकीत टाकू नका. तीन तासांचा रस्ता आहे, एसी चालतो तिथे पायाशी ठेवा.

पेट्रोल पंपावरचा पिशवीतला चुरा बर्फ घेऊ नका. त्याला सगळीकडून हवा लागते आणि तो लवकर विरघळतो. लादीच हवी. घरी डब्यात पाणी गोठवून ती करता येते. त्याहून सोपं म्हणजे ऑन्टारियोत मिळणारं पिशवीतलं दूध. ती सव्वा लिटरच्या वरची पिशवी आणखी एका जाड पिशवीत घालून गोठवली की लादीचं काम करते आणि वितळेल तसं चहाला दूध मिळतं. गोठलेलं दूध सुटं झाल्यावर थोडं फाटल्यासारखं दिसतं, हलवलं की जुळून येतं.

ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, नेणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो, तो हवाबंद पिंपात कधीही घालू नका. उणे ७८ अंशांच्या त्या खड्याचा थेट वायू होतो, आत दाब वाढत जातो आणि झाकण उडू शकतं.

एकच मोठं पिंप

कनूवाल्यांची ती निळी प्लास्टिकची पिंपं ६० आणि ३० लिटरची मिळतात. बहुतेक जण ६० चं घेतात आणि सगळं त्यात भरतात. मग चिवड्यासाठी झाकण उघडलं की गारवा बाहेर, आणि पोर्टेजवर, म्हणजे दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर, ते धूड पाठीवर घेऊन चिखलातून चालायचं. माझ्या मते ३० ची दोनच घ्यावीत, एक गार आणि एक कोरडं. गार पिंपाला आतून झोपायच्या फोमच्या चटईचा तुकडा गोल बसवा, त्यात कूलर बॅग. ते दिवसातून दोनदाच उघडायचं. कनूत ते तळाला, सावलीत ठेवा, वर ओला टॉवेल टाका. वाऱ्यात माठासारखा थोडा फायदा होतो. दमट, पडलेल्या हवेत काही होत नाही.

झाकणाच्या खोबणीतलं रबर बहुतेक कोणी बघत नाही. बोट फिरवून पाहा. कढीपत्त्याचं वाळलेलं पान किंवा रव्याचे चार दाणे अडकले तरी कडी लागते, पण पिंप हवाबंद होत नाही. निघण्यापूर्वी रिकामं पिंप बंद करून टबात दाबून धरा. बुडबुडे आले तर कनू उलटल्यावर पाणी आत जाणार, आणि रात्री वास बाहेर येणार.

तळ्यात गार होईल असं समजणं

मे महिन्यात बर्फ नुकता फुटलेला असताना काठाचं पाणी खरंच गार असतं. ऑगस्टमध्ये त्याच पाण्यात तुम्ही पोहता, म्हणजे ते वीस अंशांच्या आसपास आहे. दुधाला चार अंश लागतात. जाळीत बांधून काठाशी सोडलेल्या चिकनला त्याचा काही उपयोग नाही. पिशवी गळकी असेल तर न गाळलेलं पाणी खाण्यात, आणि रकून (मांजराहून मोठा, खाणं चोरणारा रानप्राणी) तर अशा पिशव्या शोधतच असतात.

घरच्या सवयी

भारतात अंडी बाहेर टोपलीत राहतात, म्हणून इथेही तशी नेली जातात. कॅनडात अंडी धुऊन विकतात, त्यांच्यावरचा नैसर्गिक थर निघून गेलेला असतो, त्यामुळे ती गारच ठेवावी लागतात.

शिळ्या भाताला सकाळी फोडणी देणं तर आपल्या रक्तात आहे. पण रात्री पातेल्यात उरलेला भात उबदार हवेत राहिला की बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू त्यात विष तयार करतो आणि फोडणीच्या उष्णतेने ते विष जात नाही. रात्री मोजूनच भात लावा. तेलात मुरवलेला लसूण आणि व्हॅक्यूम पॅक केलेली शिजवलेली भाजी यांचंही तेच. हवा काढली म्हणजे टिकलं असं नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला हवा नसलेली जागाच लागते. दोन्ही गारच हवीत.

आमरसाचा किंवा रसगुल्ल्यांचा डबा तर मुळीच घेऊ नका. अल्गाँक्विनच्या आतल्या भागात खाण्यापिण्याचे टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. घरी फोडून प्लास्टिकच्या बरणीत भरलात तर तो रस पहिल्याच रात्री संपवा.

बिनफ्रिजचं आपल्याकडे काय कमी आहे? तूप, मेतकूट, दाण्याची कोरडी चटणी, भाजलेला रवा, पोहे, मूगडाळ, बेसनाचे लाडू. पनीर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच.

पिंप अस्वलाला अडवेल असं मानणं

निळं पिंप वास अडवतं, काळ्या अस्वलाला अडवत नाही. त्याने मनावर घेतलं तर ते फोडतं. म्हणून टांगायचं, जमिनीपासून किमान ४ मीटर वर आणि खोडापासून दोन-तीन मीटर लांब. भरलेलं ६० चं पिंप एवढं वर ओढणं दोघांनाही जड जातं, ३० चं जमतं. फांदी उजेडातच शोधा आणि दोरीही तेव्हाच टाका. जेवण झाल्यावर टॉर्चच्या उजेडात दगड बांधून नेम धरण्यात तासभर जातो आणि शेवटी पिंप हाताला येईल अशा फांदीवर लटकतं.

टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांचं बाम, मुलांच्या खिशातली गोळी, हे सगळं पिंपातच जायला हवं. मसाल्याचा तडका ज्या शर्टावर उडाला तो शर्ट तंबूत घालून झोपू नका. सॅकच्या कप्प्यात विसरलेले दाणे तर दिवसाढवळ्या चिपमंक (पट्ट्यांच्या छोट्या खारी) आणि लाल खारी कापड कुरतडून नेतात.

संशय आला तर

फ्रिजमध्ये लावायचा छोटा थर्मामीटर गार पिंपात ठेवा, वासावर जाऊ नका. चार अंशांच्या वर दोन तास गेले तर मांस, दूध, अंडी, भात खायचं नाही. हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास. टाकायचं तेही झुडपात किंवा तळ्यात नाही. ओलं मांस शेकोटीत नीट जळत नाही, नुसता वास पसरतो. दुहेरी पिशवीत घट्ट बांधा, रात्री पिंपाबरोबर टांगा आणि परत घेऊन या.