जुने कृष्णधवल मराठी सिनेमे बघायला सुरुवात कशी करावी

पहिला मराठी बोलपट म्हणून हौसेनं 'अयोध्येचा राजा' (१९३२) लावायचा आणि अर्ध्या तासात पेंगायचं, ही चूक मी केली आहे. तुम्ही करू नका. तो पाचवा-सहावा बघावा.

आधी घरात गुणगुणली जाणारी गाणी आठवा. 'त्या तिथे, पलिकडे, तिकडे' कानावर असेल तर 'लाखाची गोष्ट' (१९५२) शोधा. 'एक धागा सुखाचा' येत असेल तर 'जगाच्या पाठीवर' (१९६०). दोन्ही राजा परांजप्यांचे, दोन्हीत गदिमांची गीतं आणि सुधीर फडक्यांचं संगीत. मी म्हणेन, 'लाखाची गोष्ट'च आधी. महिन्याभरात लाख रुपये उडवून दाखवायचे, ही गंमत आजही चालते.

लावण्याआधी टीव्हीचं चित्र ताणून पडदाभर करणारी सेटिंग बंद करा. हे सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. चित्र ताणलंत तर सगळी पात्रं बुटकी आणि जाडजूड दिसतात. आवाज खरखरीत असतो, हेडफोन असले तर बरे. खोलीतले दिवे मालवा. रंगवलेली आवृत्ती मिळाली तर सरळ सोडून द्या.

मग 'कुंकू' (१९३७). व्ही. शांतारामांनी ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपट्यांचा तो ताठा बघाच, पण त्याहून कान उघडे ठेवा. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, प्रसंगातले आवाजच तेवढे ऐकू येतात. भिंतीवरचं घड्याळ वाजतं आणि केशवराव दात्यांच्या काकासाहेबांचं वय जणू मोजलं जातं. एखादा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा बघा. उजेड-सावली काय सांगतेय ते तेव्हा कळतं.

त्यानंतर दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' (१९३६). भाविक नसलात तरी चालेल. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा शांत आणि गौरीची आवली तोंडाळ, त्या घरात खरंखुरं भांडण आहे. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचाच अभंग समजून लोक गाथेत शोधत बसले. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला.

आठवड्याला एकच पुरे. पुण्यात असाल तर १९६४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या खेळांवर लक्ष ठेवा. मोठ्या पडद्यावर काळा रंग वेगळाच दिसतो.

आता लावा 'अयोध्येचा राजा'. तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे अभिनय करता करता स्वतःच गातायत, चित्रीकरण चालू असतानाच.