ताळेबंदाबाहेरची देणी कशी तपासाल

ताळेबंद पाहून झाला की थेट वार्षिक अहवालातली ‘संभाव्य देणी व बांधिलकी’ (पुढे द्यावे लागू शकतील, पण ताळेबंदात न धरलेले पैसे) ही टीप उघडा.

भाडेपट्ट्याचं देणं १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ (भाडेपट्ट्यांसाठीचं भारतीय लेखामानक) प्रमाणे ताळेबंदातच येतं. महिनाअखेर १ लाख भाडं, ५ वर्षं, मासिक पाऊण टक्का व्याजदर धरला तर ते आजच्या मूल्यात सुमारे ४८.१७ लाख भरतं, ६० लाख नव्हे. १२ महिन्यांपर्यंतचे पट्टे वगळता येतात. पट्ट्याची मुदतवाढ धरली आहे का, हे जरूर पाहा. आकडा तिथेच फुगतो.

कंपनीवरच्या दाव्यांत जास्त वेळ घाला. पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा अधिक असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज बांधता येत असेल, तर तरतूद, म्हणजे रक्कम ताळेबंदात देणं म्हणून धरायची. नुसती शक्यता असेल, तर टीप. ती अगदीच धूसर असेल, तर काहीच नाही. करविवादांची बेरीज लेखापरीक्षकाच्या कारो अहवालाशी (सरकारी आदेशानुसार ठरावीक मुद्द्यांवर द्यायच्या अहवालाशी) ताडा. तिथे वादामुळे न भरलेली रक्कम असते, म्हणून फरक पडू शकतो. पण कारण कंपनीकडून मागाच.

उपकंपनीसाठी दिलेली हमी स्वतंत्र (फक्त मूळ कंपनीच्या) ताळेबंदाच्या निव्वळ मालमत्तेशी, म्हणजे मालमत्ता वजा देणी या आकड्याशी, तोला. उपकंपन्या धरून केलेल्या एकत्रित ताळेबंदात हमी दिलेलं ते कर्ज आधीच असतं. दोनदा मोजू नका.