विधानांवरून निष्कर्ष निघतो की नाही, हे कसे ठरवावे

बँक भरतीच्या परीक्षेत ‘विधाने आणि निष्कर्ष’ हा प्रश्न सोडवताना दिलेली विधाने व्यवहाराशी कितीही विसंगत वाटली, तरी ती जशीच्या तशी खरी मानावीत आणि त्यांत नसलेली माहिती पदरची घालू नये. ‘काही’ म्हणजे ‘किमान एक’ एवढेच समजावे. त्यात ‘सर्व’ असण्याची शक्यता शिल्लक राहते.

यानंतर दोन्ही विधानांत येणारे समान पद, म्हणजेच मध्यपद, शोधावे. ‘सर्व वकील पदवीधर आहेत. काही पदवीधर कवी आहेत.’ या विधानांत ‘पदवीधर’ हे मध्यपद आहे. ‘काही वकील कवी आहेत’ हा निष्कर्ष वाचताक्षणी पटतो, पण तो निघत नाही. पहिले विधान सर्व वकिलांविषयी असले तरी सर्व पदवीधरांविषयी नाही, आणि दुसरेही काही पदवीधरांपुरतेच आहे. त्यामुळे कवी असलेले सगळे पदवीधर वकिलांच्या गटाबाहेरचे असू शकतात. मध्यपदाचा संपूर्ण गट किमान एका विधानात आलेला नसेल, तर उरलेली दोन पदे जोडता येत नाहीत. दुसरे विधान ‘सर्व पदवीधर कवी आहेत’ असे असते, तर मात्र ‘सर्व वकील कवी आहेत’ हे निर्विवाद ठरले असते.

पडताळणीसाठी वेन आकृती, म्हणजे प्रत्येक गट एका वर्तुळाने दाखवणारी आकृती, काढावी. निष्कर्षाला पोषक आकृती सहज सुचते आणि तिथेच घात होतो. म्हणून विधाने पाळूनही निष्कर्ष खोटा पाडणारी आकृती आधी शोधावी. वरील उदाहरणात वकिलांचे वर्तुळ पदवीधरांच्या वर्तुळाच्या आत काढून कवींचे वर्तुळ पदवीधरांना छेदणारे, पण वकिलांना न शिवणारे काढता येते. अशी एक आकृती जमली, की निष्कर्ष बाद करावा.

याच विधानांखाली ‘काही वकील कवी आहेत’ आणि ‘एकही वकील कवी नाही’ असे दोन निष्कर्ष असतील, तर दोन्ही चूक म्हणून पुढे जाऊ नये. स्वतंत्रपणे त्यांपैकी एकही सिद्ध होत नाही, पण दोन्ही एकदम खोटेही असू शकत नाहीत. म्हणून ‘एकतर पहिला किंवा दुसरा’ हा पर्याय निवडावा.

विधाने दोन्ही नकारार्थी असली, तर मध्यपद सोडून उरलेली दोन पदे जोडणारा निष्कर्ष निघत नाही. तरीही एकाच विधानाची उलट मांडणी तपासावी, कारण ‘एकही वकील कवी नाही’ यावरून ‘एकही कवी वकील नाही’ हे निघतेच.